गळती

व्हिसावर माझा धंदा लिहिलाय : पाइप फिटर.
दाताखाली पाइप बघून
यनकुलचा किराणावाला मोइदू विचारता झाला,
"हा पण कंपनीचाच काय रे?"

नाही बाबा. खाणीवरचा एक भूगर्भवाला
कंटेनर रिकामा करून गेला,
तेव्हा मोडक्या खुर्चीवर हा राहिला.
देठावर त्याच्या दातांच्या खुणा.
सहा वर्षं झाली,
माझे दात अजून त्यांत बसत नाहीत.

तंबाखू मात्र माझा, निपाणीकडचा.
दर सुट्टीहून येताना लोणच्याच्या बरणीमागे दडवून आणतो.
आई वखारीत चाळणीवर बसायची,
घरी आली की आधी पदर झटकायची
आणि आम्ही सगळे ओळीनं शिंकायचो.

इथं डोंगराच्या पोटात चाळीसेक घरं,
एक फलज, खजुराच्या बागा,
आणि बंद पडणाऱ्या मोटारी. त्या माझ्या.
ओढणारे किती, ते कुणालाच माहीत नाही.
ठरवून कुणी भेटत नाही.
एकदा मी ठरवलं होतं, गुरुवारी संध्याकाळी, बोरीखाली.
सगळे आले,
पाइप एकानंही आणला नाही.
खजूर खाल्ले, कहवा प्यालो, हवेबद्दल बोललो,
परक्या लग्नात बसल्यासारखे.

पण टँकरवाला बलोच मीरान
भर दुपारी वादीत चाक बदलताना सापडतो,
जॅकच्या दांड्याशेजारी त्याचा मिदवाख,
करंगळीएवढा, हरणाच्या शिंगाचा म्हणतो, असेल.
एक चिमूट, एक झुरका, फू करून राख वाऱ्यावर.
संपलं. माझा पेटेपर्यंत
त्याचं चाकही बसलेलं असतं.
"तुझा पाइप म्हणजे सरकारी कचेरी," म्हणाला.

त्यानंच पहिल्यांदा मला दोखा पाजला.
नाव ऐकून मला वाटलं धोका,
मीरान म्हणाला, अरबीत दोखा म्हणजे चक्कर.
एका झुरक्यात डोंगर आडवा झाला,
मी टँकरच्या मडगार्डला धरून उभा,
आणि तो शांतपणे नट आवळत.
चक्कर काय नि धोका काय,
शेजारीच राहात असणार दोघं.

मुसब्बह बिन सुलय्यिम भेटतो फलजच्या उगमाशी,
पहाटे, पाण्याची पाळी त्याची असते तेव्हा.
चप्पल काढून, पाय पाण्यात सोडून,
दिशदाशाच्या खिशातून बाटली, बाटलीतून चिमूट.
मला बघून आधी दचकला, मग माझा पाइप दिसला
आणि सरकून जागा केली.
माझं अरबी नळाच्या सामानापुरतं,
त्याचं हिंदी त्याहून कमी.
तरी एवढं कळलं :
डॉक्टरनं बंद केलंय. घरी ठाऊक नाही.
मुलाला तर अजिबात नाही.
बोट ओठांवर. माझंही बोट ओठांवर.

परवा मशिदीमागच्या टाकीचा बॉलकॉक बदलायला शिडीवर चढलो.
वर, टाकीच्या सावलीत, उकिडवा बसलेला नबहान.
मुसब्बहचा थोरला, शाळेत गणित शिकवतो.
हातात मिदवाख, डोळे मिटलेले,
आणि चेहऱ्यावर बापाचंच पहाटेचं सुख.
मला बघून तस्साच दचकला.
मग पाना पकडायला हात पुढे केला.
"माझ्या वडिलांना," म्हणाला,
आणि पुढं काही म्हणालाच नाही.

खाली आलो. नळ सोडून बघितला.
बापाचं मुलापासून, मुलाचं बापापासून,
आणि मध्ये मी, पान्याला तेल पुसत.
वॉशर नवा घातला, दोरा गुंडाळला,
अर्धा आटा जास्तीचा आवळला.
एक थेंब बाहेर येता कामा नये.
तेवढ्याचाच पगार घेतो.