अर्धा गुण

मुसोंडा, उत्तर बरोबर आहे तुझं.
खाण बंद पडल्यावर जमीन सावरायची तरतूद,
वीस वर्षांनंतरचा खर्च आजच्या किमतीत आणलेला,
शेवटच्या क्वाचापर्यंत नेमका.
तांत्रिक गुण सगळे दिले, हात आखडला नाही.

पण संचालक म्हणाले, 'खर्च किरकोळ',
आणि तू ते किरकोळ जसंच्या तसं उचललंस,
घसाऱ्याशेजारी नीट मांडून ठेवलंस.
व्यावसायिक गुण इथे होते.
ही बघ जागा. कोरी.

किटवेच्या बाजारात टोमॅटोची रास घेताना
वरचे चार बाजूला सारून
खालचे बघतेस ना?
तेवढंच करायचं.
फक्त टाय लावलेल्या माणसासमोर.

ती गप्प.
वीज सहालाच गेलेली,
ताळेबंदावर मोबाइलचा उजेड,
आकड्यांवरून एक पाखरू चालत होतं.

मग म्हणाली, सर,
आमच्या वस्तीत धूर उतरला
की भोपळ्याची पानं कडेनं जळतात,
आई वाळत घातलेले कपडे आत ओढते.
हे लिहू? परीक्षेत?

मी लाल पेनाला टोपण लावलं.
हे नको लिहूस, म्हणालो.
हे ठाऊक असलेल्या माणसानं लिहावं, तसं लिही.

तिनं पान उलटलं:
'माननीय अध्यक्ष,
बावीस लाखांचा हा अंदाज ज्यांनी काढला
ते तेव्हा गाळाच्या तळ्यापासून
किती अंतरावर उभे होते?'

दोनदा वाचलं.
सूर जरा चढा लागलाय, म्हटलं,
अर्धा गुण जाईल.

तिनं खोडलं नाही.