राव

सावर्ड्याला भरलेलं खनिज घेऊन
रात्रभर झुआरी उतरलो.
कुठ्ठाळीचा पूल डोक्यावरून गेला, त्यावर एकच ट्रक.
उजाडताना मुरगावचा धक्का मागे पडला
आणि पाणी बदललं.
नदीचं पाणी आमच्या बार्जला ओळखतं.
हे नाही ओळखत.

समोर मोठं जहाज,
लोखंडाची भिंत, गंजाचे ओघळ,
अगदी वर एक टोपी, टोपीखाली माणूस,
हात लांब करून घड्याळ दाखवणारा.

मधे रबराचे चार फेंडर,
म्हशींसारखे अर्धे बुडालेले,
दोन लोखंडांच्या भांडणात
मार खायलाच ठेवलेले.
या फटीत हात घालायचा नाही, कायतान म्हणतो,
चप्पल पडली तरी, मोबाईल पडला तरी.
त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं.
म्हणून तो फार समजावत बसत नाही.

मी वाळपईचा, मराठी शाळेतला.
पहिल्या दिवशी तो माझ्याकडे बघून ओरडला, "राव!"
मला वाटलं, मान दिला.
हसून पाऊल पुढे टाकलं
तर कॉलर धरून मागे ओढलं त्यानं.
मी जिथे पोचणार होतो तिथून दोर गेला.
दोर दिसला नाही.
ऐकू आला, कोयता फिरवावा तसा,
आणि रेलिंगचा रंग हातभर उडाला.

त्याच्या कोकणीत राव म्हणजे थांब.
गेली तीन वर्षं मला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात.

ग्रॅब आमच्या पोटात उतरतो, मूठ भरतो, वर जातो.
आम्ही रिते होत वर येतो,
ते जहाज भरत खाली जातं.
तराजूची दोन पारडी एकमेकांना बांधून ठेवली
तर काय होईल, ते आम्ही दिवसभर बघतो:
हा दोर सोड, तो आवळ,
पिवळ्या रेघेच्या आत कुणी उभा नाही ना बघ,
शिडीवर पाय टाकायचा तो लाट वर आल्यावर,
उतरत्या लाटेला कधीच नाही.

आज नमुने घ्यायला सुलक्षा होती.
पत्र्याचा डबा अर्धा भरायचा
आणि लोखंडावर आपटायचा, पंचवीस वेळा.
कोरडी माती आवाज करते आणि माती राहते.
आजची विसाव्या ठोक्याला मऊ झाली,
पंचविसाव्याला चमकली.
कपाळाला घाम यावा तशी.

हाताला कोरडी लागते ती.
पण खोल समुद्रात, चार दिवस हलून हलून,
तिची पेज होते,
पेज एका कुशीवर वळते
आणि जहाज तिच्या मागून.
हे सुलक्षानं सांगितलं नाही.
तिनं डबा खाली ठेवला आणि बारीक आवाजात म्हटलं,
"राव."

ग्रॅब हवेतच राहिला, गळत.
टोपीवाला वरून खूप बोलला,
कुठल्या भाषेत देव जाणे, आकडे मात्र कळले:
तासाचे इतके डॉलर, दिवसाचे इतके.
मालकाचा फोन आला, तोही आकड्यांत.
या फेरीचा भत्ता गेला असं समज, म्हणाला.
मला लेकीच्या फीची तारीख आठवली.
खोटं कशाला बोलू,
क्षणभर वाटलं, एक डबाच तर आहे.

कायताननं हाताची घडी घातली.
आठ बोटांची घडी नीट बसत नाही, तरी घातली.

दुपारी दोर सोडले. अर्धा माल पोटात,
लाटा आडव्या, तोंडात मीठ.
नोंदवहीत मी लिहिलं: विशेष काही नाही.
लिहिताना पेन थोडं थांबलं, एवढंच.

धक्क्याच्या आत शिरल्यावर कायतान माणसं मोजतो,
रोज, बोटांवर, तोंडानं नावं घेत.
आम्ही दहा जण.
आठावर आला की माझा पंजा ओढून घेतो
आणि उरलेली दोन
माझ्या बोटांवर मोजतो.