तारखेचं टोक

दुकान गडाशेठचं, लायसन्स माझं.
भिंतीवर चौकटीत मी टांगलेली आहे
गणपतीच्या शेजारी, जराशी तिरकी,
सत्त्याऐंशी सालच्या फोटोत, दोन वेण्या घालून.
शेठ म्हणतात, मॅडम, तुम्ही दुकानाचं कुंकू.
मी म्हणते, शेठ, पगाराची तारीख पाळा.

माझे बाबा गिरगावात कंपाउंडर होते.
लाल मिक्श्चर बाटलीत ओतून
कागदाची पट्टी दुमडत, कात्रीने खाचा पाडत,
खळ लावून काचेवर चिकटवत.
एक खाच, एक डोस.
आजारी माणसाला आकडा देऊ नये, म्हणायचे,
पायऱ्या द्याव्यात.
उतरत उतरत तो बरा होतो.

आता ओतायला काही उरलं नाही,
सगळं कारखान्यातून मोजून, सीलबंद येतं.
मग तुम्ही नेमकं करता काय, असं विचारलं
सोसायटीतल्या एका पोराने, सायन्सला गेलेल्या.
काय सांगणार?
डॉक्टरांच्या अक्षरात एक शून्य जास्त पडलंय का ते बघते.
फोन करते. ते वैतागतात. शून्य खोडतात.
नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दोन गोळ्या
मुद्दाम लांब लांब ठेवते,
एक हाताशी, दुसरी स्टुलावर चढून काढावी लागेल अशी.
चढताना विचार करायला वेळ मिळतो.
आणि स्ट्रिप कापायची झाली
(तीनच द्या ताई, आज एवढेच आहेत)
तर तारखेचं टोक माझ्याकडे राखून कापते.

हेमलता तांडेल अकरा वर्षं यायची
माहीम कोळीवाड्यातून, टोपली रिकामी झाल्यावर.
नवऱ्याची साखर, नवऱ्याचं प्रेशर.
वाचता येत नव्हतं, म्हणून पाकिटांवर मी
पेनाने सूर्य काढायचे, उगवता आणि डोक्यावरचा,
रात्रीसाठी चंद्र.
जेवणाआधीची गोळी असली तर बाजूला रिकामं ताट,
नंतरची असली तर ताटात मासा.
पहिल्या महिन्यात इन्सुलिन तिने
पापलेटांसोबत बर्फात पुरून ठेवलं होतं.
गोठलं की मेलं, मी सांगितलं.
म्हणजे मासळीच्या उलटं, ती म्हणाली.

परवा दुपारी आली, शेठ जेवायला गेलेले.
काउंटरवर पिशवी उलटी केली.
अर्ध्या स्ट्रिपा, न फोडलेली दोन इंजेक्शनं, सुया.
तेरावं कालच झालं होतं.
एकीवरची तारीख तिने मला वाचायला लावली.
पुढल्याच्या पुढल्या वर्षीचा मार्च.
"बघा," ती म्हणाली, "गोळी अजून ताजी हाय."

दुकानाबाहेर गेलेलं औषध परत घ्यायचं नसतं.
कुठल्या उन्हात होतं, कुणी हाताळलं, कोण सांगणार.
नियम मी लिहिला असता तरी हाच लिहिला असता.
तिला तो तीनदा सांगितला,
तिसऱ्यांदा माझाच आवाज मला परका वाटला.
मग पर्समधून सातशे रुपये काढले.
तिने बघितले, आणि माझी मूठ मिटून दिली.
"पैशाला नाय आले.
घरात ठेवलं तर आठ वाजले की हात जातो तिकडं.
तुमाला ठावं कुठं टाकायचं ते."

मी पाकिटं उघडून एकेक गोळी
लाल डब्यात टाकत गेले.
आवाज होत होता, बारीक, वाटाणे सोलल्यासारखा.
रिकामी पाकिटं चुरगळणार
तोच ती म्हणाली, ती द्या इकडं.
सगळी नको. सूर्यवाली.
तळहाताने सपाट करून कमरेच्या बटव्यात घातली.
चंद्राचं एक माझ्याकडे राहिलं.

मागे एकजण कधीचा उभा होता,
ॲसिडिटीवर काहीतरी द्या म्हणत.
जेवणाआधी, मी म्हटलं,
आणि पाकिटावर रिकामं ताट काढून दिलं.
त्याला वाचता येत होतं. तो हसला.