बुडाशी तांबं

खमीसनं काउंटरवर ठेवला तेव्हा काच वाजली.
अख्खा तांब्याचा हीटसिंक. साडेसातशे ग्रॅम.
"हाच लाव. खेळताना मशीन बंद पडतं."
जुना अल्युमिनिअमचा मी दोन बोटांत उचलला,
पात्यांत धूळ, इथली, पिठासारखी.

सोहारला दोन्ही धातूंचं घर आहे.
डोंगरातल्या वादीत जुन्या खाणींची मळी, काळी, चकाकती.
बंदराकडे अल्युमिनिअमची भट्टी.
परकार तिथे असतो, बारा तास.

पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी.
चार स्क्रू, तिरके, थोडे थोडे आवळत.
अल्युमिनिअम: अठ्ठ्याऐंशी.
तांबं: एक्क्याऐंशी.
सात अंशांसाठी तिप्पट ओझं,
आणि बोर्डाला आलेला बाक
खमीसला दिसला नाही, मला दिसला.

तांबं चटकन घेतं, हे खरं.
पण घेतलेलं टाकायचं कुठे?
तिथे पाती लागतात, पंखा लागतो,
गार हवा लागते.
दोन वाजून दहा मिनिटांनी एसी बंद पडला
आणि आलटून पालटून लावले तरी दोघंही
सारखेच चढत गेले, मुकाट.
भोवतालाहून गार कुणालाच होता येत नाही.
खोक्यावर हे छापत नाहीत.

परकार आला तेव्हा शर्टावर मिठाच्या रेघा.
घरी खेडला फोन लावला, माझ्यासमोरच:
"हां, हां, इथं बरं आहे. थंड आहे."
मला असं जमत नाही.
बायको म्हणते, तुम्ही लगेच तापता, लगेच निवता.
मी हलका धातू. सगळं बोलून टाकतो,
गिऱ्हाइकाला, टॅक्सीवाल्याला, भिंतीलासुद्धा.

शेवटी खमीसला तिसराच विकला:
बुडाशी तांबं, वर अल्युमिनिअमची पाती.
नऊ रियाल. त्र्याऐंशी अंश. बोर्ड सरळ.
तांब्याचा तो इथेच टाकून गेला.

बिलांवर वजन म्हणून ठेवलाय.
अल्युमिनिअमचा केव्हाच निवला होता.
परकार चहा संपवून उठला,
जाता जाता तांब्यावर सहज हात टेकला
आणि तसाच थांबला.
"अरे," म्हणाला,
"हा अजून गरम आहे."