पाच मार्कांसाठी

उद्या इतिहास. कोरिया, पन्नास ते त्रेपन्न.
खानापुरात शिवलीलाच्या माडीवर
लाईट गेलेली. मोबाईल तांब्याला टेकवून
ती विचारते, मी सांगते.

"प्रॉक्सी वॉर म्हणजे?"
दोन थोरांचं भांडण, तिसऱ्याच्या परसात.
"असं लिहिलीस तर दोनच मार्क."

अडतिसावं अक्षवृत्त मी फूटपट्टीनं ओढते.
पेन्सिल कुणाच्या तरी भातावरून जाते,
एखाद्या हापशावरूनही असेल.
नकाशात तेवढं दाखवत नाहीत.

खाली तिचे वडील फोनवर, कन्नडात :
बंद उद्या की परवा? कोगनोळीला गाड्या अडवलेत?
दुपारी काकाही हेच विचारत होता,
मराठीत, त्याच आवाजात.
पेपर होणार की नाही, दोघांनाही ठाऊक नाही.

"तह कुठल्या साली?"
झालाच नाही. नुसता शस्त्रविराम.
"म्हणजे चालूच हाय म्हण की अजून."
पुस्तकात तसं नाही, मी म्हणते.
ती समासात काहीतरी लिहिते, हातानं झाकून.

तिची आई चिरमुरे ठेवून जाते :
साकु, मलकोरी आता.
"अव्वा, व्हिएतनाम राहिलाय,"
आम्ही दोघी एकदमच.