रकाना सात

दहिवडीच्या स्टँडवर ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं
की हैबती काटकर बाकावरून उठून उभा राही.
रेडिएटरचं गंजकं पाणी फुफाट्यात सांडे
आणि म्हातारा कळवळे,
"सांडू नगंस रं, मानूस जगतंय त्यात."
आम्ही पोरं हसायचो.

पुढं पेन्शनचा कागद घेऊन तो माझ्याकडं आला.
रकाना सात : कैदेत होता काय? असल्यास कोठे, किती दिवस?

"तोब्रुकला सायबानं पांढरं फडकं लावलं.
रायफली मोडा म्हनला, मोडल्या.
अंधार पडला, तसं आमी तिघं निघालो."

माणदेशी माणसाला कोरडीचं काय, मला वाटलं.
"आपल्याकडं निदान बाभळ असती," तो म्हणाला,
"तिथं सावली ज्याची त्याची,
ती बी दुपारी पायाखाली जाती."

दिवसा जळक्या लॉरीखाली निजायचं,
रात्री ध्रुव डाव्या हाताला धरून चालायचं.
मेलेल्या ट्रकांचं पाणी पटक्यातून गाळून, वाटून घोटघोट.
बाबू इंगळे एका रात्री बसला तो बसलाच.
हैबतीनं त्याच्या एका बुटाची नाडी काढून घेतली.
कशाला, ते त्याला अजून सांगता येत नाही.

मग एका पहाटे पुढं तार दिसली.
कुणीतरी खोकलं.
खोकल्यावरून आपला-परका कळत नाही.
पण पाठोपाठ वास आला,
जिऱ्या-मोहरीच्या फोडणीचा,
आणि ज्ञानू घार्गे हात वर करून पळत सुटला,
"आमी हाय! आरं, आमी हाय!"
परवलीचा शब्द त्याला कुठला ठाऊक?
तो तर रोज संध्याकाळी बदलतो.

एकच गोळी.

फोडणीचा वास येतच राहिला.
हैबती उजाडेपर्यंत पालथा पडून होता,
आपल्या माणसांपासून चाळीस पावलांवर.

गावी आल्यावर ज्ञानूच्या आईला त्यानं सांगितलं,
जर्मनाची गोळी.
तिनं एवढंच विचारलं,
"समोरनं, का पाठीत?"
"समोरनं, काकी."
तेवढं मात्र खरं होतं.

रकान्यात दोन बोटं जागा. मी पेन धरून बसलेलो.
बाहेर म्हसवडची गाडी लागली होती, कंडक्टर घंटी मारत होता.
"कैद न्हाई," हैबती म्हणाला.
"लिव्ह, चालत हुतो."