चोवीस ऑक्टोपस

भाड्याच्या घरातला ओव्हन डावीकडे जास्त तापतो.
दार उघडून उघडून ट्रे फिरवला,
तर सहा केक मधोमध बसले.
असो. आयसिंग कशासाठी असतं?

उद्या अकराला शाल्मलीची पार्टी,
चर्चमागच्या हॉलचं दोन तासांचं भाडं भरलंय.
टोबीला अंडं चालत नाही,
त्याचे दोन दह्यातले,
टूथपिक खोचून बाजूला ठेवलेत.

केतकी रात्रपाळीला. जाताना म्हणाली,
"टेस्कोतून आणले असते की रे."
आता बारा वाजून गेलेत, पिशवीतून जांभळा पाय
निघता निघत नाही,
निघाला की थांबत नाही.
करायला गेलो ऑक्टोपस, झाला कोळी.

हर्णैला आमच्या शेजारी कोळीच राहायचे,
पहाटे होड्या घेऊन जाणारे.
इथे ग्रिम्सबीतही होत्या म्हणे शेकड्याने बोटी.
धक्का तेवढा राहिलाय,
आणि मी ज्या कारखान्यात मासे मोजतो तो,
आइसलँडहून आलेले.

जिन्यावर पावलं. डोळे चोळत लेक येते,
बोट न लावता, अगदी जवळून, पाय मोजते.
"बाबा, ह्याला सातच."
तुटला असेल. परत फुटतो त्यांना.
"खरंच?"
खरंच.
"मग हा माझा. उद्यापर्यंत फुटेल."

ती झोपल्यावर खण उपसला.
मेणबत्त्या पाचच.
सहावी गणपतीतली, अर्धी जळलेली.
सातवीचं सकाळी बघू.